पाळी जाण्याचा काळ: शरीरातले बदल कसे ओळखायचे आणि काय करायचं

पाळी अजून दर महिन्याला येते आहे, मग हा त्रास मेनोपॉजचा, म्हणजे पाळी जाण्याचा, कसा असेल? या एका समजुतीपायी कितीतरी बायका वर्षानुवर्षं विनाकारण सोसत राहतात. रात्री झोप तुटते, छातीत धडधडतं, पाळीच्या आधीची चिडचिड पूर्वीपेक्षा वाढते, सकाळी बोटांचे सांधे आखडतात. प्रत्येक तक्रारीसाठी वेगळ्या डॉक्टरकडे जाणं होतं, सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि 'ताण घेऊ नका' एवढा सल्ला घेऊन परत यावं लागतं. याच्या उलटही घडतं. अंगावरून भरमसाट जातंय, हिमोग्लोबिन खाली आलंय, जिना चढताना धाप लागते, तरी घरचे आणि मैत्रिणी म्हणतात, 'या वयात असंच असतं.' सगळंच 'असंच' नसतं, आणि काही गोष्टी तर अजिबात चालवून घ्यायच्या नसतात.

पाळी जाण्याच्या काळाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात हार्मोन्स बेभरवशाची वरखाली होतात, दुसऱ्या भागात ती कायमची कमी पडतात. त्रास कुठल्या भागातला आहे हे कळलं की अर्धा गोंधळ संपतो, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पायरी १: आत काय घडतंय ते समजून घ्या

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून साधारण १० ते २० लाख बीजपुटिका, म्हणजे बीज सांभाळणाऱ्या सूक्ष्म पिशव्या, असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. आयुष्यभरात प्रत्यक्ष बीज बाहेर पडतं ते जेमतेम ४०० ते ५०० वेळा; बाकीच्या पुटिका आपोआप विरून जातात. चाळिशीत हा साठा बराच आटलेला असतो. अंडाशय इनहिबिन नावाचं एक हार्मोन तयार करतं, ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला आवरून धरत असतं. पुटिका कमी झाल्या की इनहिबिन घटतं आणि पिट्युटरी एफएसएच नावाचं हार्मोन जास्त सोडू लागते, म्हणजे उरलेल्या पुटिकांना जोराने डिवचू लागते.

त्या कधी इतका जोरदार प्रतिसाद देतात की इस्ट्रोजेन तरुणपणापेक्षाही वर जातं, आणि कधी काहीच होत नाही. प्रोजेस्टेरॉनचं गणित मात्र सरळ आहे: बीज बाहेर पडलं तरच ते पुरेसं तयार होतं. एखाद्या महिन्यात बीज बाहेरच पडलं नाही तर इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं, त्याला आवर घालायला प्रोजेस्टेरॉन नसतं, आणि मग पाळी उशिरा पण धो-धो येते. स्तन दुखणं, अर्धशिशी वाढणं, जास्त रक्त जाणं, मनाचे हेलकावे ही या चढउताराची लक्षणं. योनीचा कोरडेपणा, लघवीचे त्रास, हाडं ठिसूळ होणं ही पुढच्या कमतरतेची. अंगातून गरम वाफा येणं दोन्हीकडे असतं, आणि म्हणूनच पाळी नियमित असतानाही त्या येऊ शकतात.

पायरी २: आपण कुठल्या टप्प्यावर आहोत ते ठरवा

यासाठी वय विचारात घ्यावं लागतं, पण पाळीचं वेळापत्रक त्याहून जास्त सांगतं. जगभरातल्या तज्ज्ञांनी २०११ मध्ये एकत्र बसून टप्प्यांची जी व्याख्या पक्की केली ती घरबसल्या लावता येते. लागोपाठच्या दोन पाळ्यांच्या अंतरात ७ दिवस किंवा त्याहून जास्त फरक पडू लागला आणि असं पुन्हा पुन्हा व्हायला लागलं, की संक्रमणाचा सुरुवातीचा टप्पा. दोन पाळ्यांमध्ये ६० दिवस किंवा जास्त अंतर पडलं की शेवटचा टप्पा; इथून शेवटची पाळी साधारण एक ते तीन वर्षांत येते. शेवटच्या पाळीनंतर सलग १२ महिने काहीच गेलं नाही, तर ती पाळी शेवटची होती असं म्हणता येतं. अकराव्या महिन्यात पाळी आली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

बहुतेकींची पाळी ४५ ते ५५ या वयात जाते. सिगारेट ओढणाऱ्यांची एक-दोन वर्षं लवकर. ४० ते ४५ मध्ये गेली तर ती लवकर गेली असं धरतात. चाळिशीच्या आत तीन-चार महिने पाळी चुकली तर वाट बघत बसू नका. त्या वयात अंडाशय लवकर थकलं असेल तर हाडं आणि हृदय दोन्हींवर परिणाम होतो, आणि सहसा नैसर्गिक वयापर्यंत, म्हणजे पन्नाशीपर्यंत, हार्मोन्स देणं हाच उपचार असतो.

गर्भपिशवी काढली आहे पण अंडाशय ठेवली आहेत, अशांना पाळीवरून काहीच कळत नाही. त्यांनी बाकीच्या लक्षणांवर लक्ष ठेवायचं. कॉपर-टीसारखंच पण हार्मोन सोडणारं साधन बसवलेल्यांचं किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांचंही तेच. दोन्ही अंडाशय शस्त्रक्रियेने काढली असतील तर चढउताराचा भागच नसतो, शरीर एका दिवसात थेट कमतरतेत जातं आणि त्रास जास्त तीव्र होतो. अशा शस्त्रक्रियेआधीच पुढच्या उपचारांबद्दल बोलून घ्यायला हवं.

रक्ततपासणीचं काय? पंचेचाळिशीनंतर, लक्षणं नेहमीची असतील तर एफएसएच तपासायची गरज नसते. ते आज ६० आणि पुढच्या महिन्यात ८ येऊ शकतं, इतकं ते हलतं. एका आकड्यावरून 'तुमचं अजून सुरू झालेलं नाही' असं कुणी म्हटलं तर त्याला फारसा अर्थ नाही. ४० च्या आत मात्र ही तपासणी हवी, आणि चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा. एफएसएच करा किंवा नका करू, टीएसएच ही थायरॉईडची तपासणी जरूर करून घ्या. थायरॉईडच्या बिघाडातही थकवा, धडधड, घाम, वजन आणि पाळीतले बदल होतात, आणि तो बऱ्याचदा याच वयात निघतो. पाळी चुकली असेल तर गरोदरपणाची चाचणीही करा. चाळिशीत दिवस जाऊ शकतात.

पायरी ३: तीन महिने नोंद ठेवा

वही किंवा मोबाईल, काहीही चालेल. पाळी कधी आली, किती दिवस राहिली, सर्वांत जास्त जाणाऱ्या दिवशी किती पॅड लागले, गाठी पडल्या का. वाफा दिवसा किती, रात्री किती. झोप कितीदा तुटली. मन कसं होतं, एका शब्दात. रोज दोन ओळी पुरेत. मोठं निबंधलेखन केलं तर ते चार दिवसांत बंद पडतं.

या नोंदीचा खरा फायदा असा, की आपल्याला संबंध दिसायला लागतात. डोकेदुखी पाळीच्या आदल्या दिवशीच होते की कधीही? चिडचिड सतत आहे की वाईट झोपेच्या दुसऱ्या दिवशी? महिन्याचा एक ठरावीक काळ सोडला तर बरं वाटतं का? 'मला खूप त्रास होतो' या वाक्यावर डॉक्टरांना काही करणं अवघड असतं. 'रात्री तीन-चार वेळा घामाने उठते, महिनाभर असंच आहे' यावर करता येतं.

पायरी ४: रक्तस्रावाकडे सर्वांत आधी बघा

बाकी सगळी लक्षणं त्रासदायक असतात, पण हे एक धोक्याचं असू शकतं. पाळी पुढेमागे होणं, कधी कमी कधी जास्त जाणं हे या काळात चालतं. पुढचं मात्र चालत नाही:

- सलग दोन तास किंवा जास्त वेळ दर तासाला पॅड पूर्ण भिजणं, किंवा मोठ्या गाठी पडणं
- पाळी सात दिवसांहून जास्त लांबणं, किंवा २१ दिवसांच्या आत पुन्हा पुन्हा येणं
- दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा शरीरसंबंधानंतर रक्त जाणं
- पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थोडाही डाग दिसणं

शेवटचा मुद्दा पुन्हा सांगते, कारण सर्वांत जास्त हयगय इथेच होते. 'पाळी परत आली' असं समजून काही जणी उलट खूश होतात. वर्षभरानंतरचं रक्त ही पाळी नसते. बहुतेकदा कारण साधंच असतं, कोरडेपणा किंवा पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला छोटा मांसल कोंब. पण गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग सुरुवातीला याच खुणेने कळतो, आणि तेव्हा पकडला तर बरा होण्याची शक्यता फार चांगली असते. योनीमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी बघतात. ती ४ मिलिमीटर किंवा कमी असली तर कर्करोगाची शक्यता अगदी कमी. जास्त असली, किंवा रक्त जाणं चालूच राहिलं, तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात.

जास्त रक्त जाणाऱ्यांनी हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, करावी. हिमोग्लोबिन अजून ठीक असलं तरी लोहाचा साठा रिकामा झालेला असू शकतो, आणि 'वयामुळे' वाटणारा थकवा त्याचाच असतो. उपचारांची सुरुवात गर्भपिशवी काढण्यापासून होत नाही. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या, प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन सोडणारं गर्भाशयात बसवायचं साधन, असे पर्याय आहेत. ठोस कारणाशिवाय पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

पायरी ५: वाफा, झोप आणि मन

छातीतून मान-चेहऱ्याकडे उष्णता चढते, दरदरून घाम येतो, मग थंडी वाजते. एक ते पाच मिनिटांत हे संपतं. शरीराचं तापमान सांभाळणारं मेंदूतलं केंद्र इस्ट्रोजेन घटल्यावर अतिसंवेदनशील होतं. अंगातली उष्णता किंचित वाढली तरी ते 'फार गरम झालं' असं ठरवून रक्तवाहिन्या रुंदावतं आणि घाम सोडतं. हे किती काळ चालतं? 'वर्ष-सहा महिने' असं सांगतात, पण ते खरं नाही. अमेरिकेत अनेक वर्षं चाललेल्या 'स्वान' अभ्यासात, ज्यांना वारंवार वाफा येत होत्या त्यांच्यातल्या निम्म्याजणींत हा काळ ७.४ वर्षांहून जास्त निघाला, आणि पाळी नियमित असतानाच सुरू झालेल्यांमध्ये त्याहूनही जास्त. म्हणूनच 'थोडे दिवस सोसा' हा सल्ला मला पटत नाही.

रात्रीच्या घामाने झोप मोडते, आणि झोप मोडली की दिवसभर नावं आठवत नाहीत, वाक्य मध्येच तुटतं. स्मृतिभ्रंशाची भीती वाटते. त्याच अभ्यासात नवीन गोष्टी शिकण्याची क्षमता या संक्रमणात थोडी मंदावलेली आणि नंतर पुन्हा सावरलेली दिसली. घोरणं वाढलं असेल, सकाळी डोकं जड असेल, तर झोपेत श्वास अडकण्याचीही तपासणी करा. पाळी गेल्यावर बायकांमध्ये तो आजार वाढतो आणि बऱ्याचदा सगळं खापर मेनोपॉजवर फुटतं.

नैराश्याचा धोका या चढउताराच्या वर्षांत वाढतो. ज्यांना पूर्वी नैराश्य, बाळंतपणानंतरचं औदासीन्य किंवा पाळीआधी तीव्र त्रास झाला आहे त्यांना जास्त. दोन आठवडे कशातच रस वाटत नसेल तर ते औषधाने बरं होणारं दुखणं आहे असं समजून मदत घ्या. जगणं नको वाटत असेल तर त्याच दिवशी.

पायरी ६: जे कुणी विचारत नाही ते तुम्हीच सांगा

योनीचा कोरडेपणा, आग, खाज, संबंधाच्या वेळी दुखणं, सारखी लघवीला लागणं, शिंकताना थेंब गळणं, पुन्हा पुन्हा मूत्रमार्गाचा संसर्ग. या सगळ्याचं मूळ एकच. इस्ट्रोजेन कमी झालं की योनी आणि मूत्रमार्गाचं अस्तर पातळ होतं, तिथले उपयोगी लॅक्टोबॅसिलस जंतू घटतात, आम्लता कमी होते आणि घातक जंतूंना वाव मिळतो. वाफा कालांतराने बहुतेकींच्या थांबतात. हे मात्र आपोआप बरं होत नाही, उपचार न केल्यास वाढतं. आणि लाजेपोटी सर्वांत कमी बोललं जातं तेही हेच.

उपाय सोपे आहेत. आठवड्यातून दोन-तीनदा वापरायचं योनीचं मॉइश्चरायझर, आणि संबंधाच्या वेळी पाण्याचं किंवा सिलिकॉनचं वंगण. तेलामुळे लॅटेक्सचा कंडोम फाटू शकतो. साबण आणि सुगंधी द्रव्यं आतून अजिबात नकोत. एवढ्याने भागलं नाही तर योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम किंवा गोळी. ते रक्तात फार थोडं उतरतं, त्यासोबत सहसा प्रोजेस्टेरॉन लागत नाही, आणि वारंवार होणारे मूत्रसंसर्गही त्याने कमी होतात. परिणामासाठी काही आठवडे द्या. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच. लघवी गळत असेल तर ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम करा: लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच आवळून काही सेकंद धरायचे आणि सोडायचे, दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा सराव करू नका.

पायरी ७: न दिसणाऱ्या बदलांसाठी आतापासून तयारी

हाडांची झीज सर्वांत वेगाने होते ती शेवटच्या पाळीच्या साधारण एक वर्ष आधीपासून दोन वर्षं नंतरपर्यंत. पहिल्या पाच-सात वर्षांत काहींची वीस टक्क्यांपर्यंत घनता जाते, आणि मोडेपर्यंत काहीच दुखत नाही. पन्नाशीनंतर रोज एकूण १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, शक्यतो आहारातून, कमी पडेल तेवढंच गोळीतून. ड जीवनसत्त्व ६०० ते ८०० युनिट. पण नुसत्या गोळ्यांनी हाडं टिकत नाहीत. त्यांच्यावर भार पडावा लागतो. चालणं हृदयासाठी उत्तम, आठवड्याला किमान १५० मिनिटं. हाडं आणि स्नायूंसाठी मात्र वजन उचलण्याचे किंवा शरीराच्या वजनाचे व्यायाम आठवड्यातून दोनदा हवेतच. हा भाग बायका सर्वांत जास्त टाळतात, आणि या सगळ्या लेखातून एकच सवय लावायची असेल तर मी हीच लावा म्हणेन. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी ६५ व्या वर्षी सगळ्यांनी, आणि पाळी लवकर गेली असेल, स्टेरॉइड घेत असाल, वजन फार कमी असेल, किंवा आई-वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं असेल तर आधीच. त्यातला टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार.

याच सुमारास वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चरबी कमरेभोवती जमू लागते, वजन फारसं न वाढताही. रक्तदाब, साखर आणि लिपिड तपासून घ्या. सांधेदुखी, आखडलेला खांदा, कोरडे डोळे, त्वचेची खाज हेही या काळात दिसतं. छातीतली धडधड बहुतेकदा निरुपद्रवी असते, पण सोबत चक्कर, छातीत दुखणं किंवा धाप असेल तर ईसीजी आधी.

पायरी ८: उपचार निवडा

वाफा आणि रात्रीच्या घामावर सर्वांत परिणामकारक उपाय इस्ट्रोजेन, यात आज वाद नाही. भीती आली ती २००२ मधल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीमुळे. त्यात स्तनाचा कर्करोग आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्याचं दिसलं आणि जगभर बायकांनी औषधं फेकून दिली. पण त्यातल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, आणि दोन्ही हार्मोन्स घेणाऱ्यांमध्ये स्तनाच्या कर्करोगाची वाढ होती वर्षाला १०,००० जणींमागे ८. आज सर्वमान्य मत असं: वय साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरुवात, आणि मनाईचं कारण नाही, तर त्रास असलेल्या बहुतेकींना फायदा धोक्यापेक्षा जास्त. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर अस्तराचा कर्करोग होऊ शकतो. त्वचेवरच्या पट्टी किंवा जेलने गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी राहतो. स्तनाचा कर्करोग, पूर्वी झालेली गुठळी, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, यकृताचा चालू आजार, कारण न कळलेला रक्तस्राव, यांपैकी काही असेल तर सहसा हार्मोन्स देत नाहीत.

त्यांच्यासाठीही मार्ग आहेत. व्हेनलाफॅक्सिन, एस्सिटालोप्रॅमसारखी नैराश्यावरची औषधं नैराश्य नसतानाही वाफा कमी करतात. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांनी याच गटातलं पॅरॉक्सेटीन टाळावं, ते टॅमॉक्सिफेनचं काम बिघडवतं. रात्री जास्त त्रास असेल तर गॅबापेन्टिन. २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं फेझोलिनेटंट थेट मेंदूतल्या त्या तापमान केंद्रावर काम करतं, पण त्यासाठी यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. संज्ञानात्मक वर्तन उपचाराने, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाने, वाफांचा जाच आणि निद्रानाश दोन्ही कमी होतात. वजन जास्त असेल तर ते उतरवल्यानेही. ब्लॅक कोहोशसारख्या वनस्पतींच्या महागड्या गोळ्यांना भक्कम पुरावा नाही, आणि 'नैसर्गिक' लिहिलं म्हणजे यकृताला सुरक्षित असं नव्हे.

गर्भनिरोधन लगेच सोडू नका. शेवटची पाळी पन्नाशीनंतर आली असेल तर आणखी एक वर्ष, पन्नाशीआधी आली असेल तर दोन वर्षं ते चालू ठेवावं. मेनोपॉजसाठीची हार्मोन्स गर्भ रोखत नाहीत.

पायरी ९: डॉक्टरांकडे जाताना

तीन महिन्यांची नोंद, चालू औषधांची यादी, आणि आई-बहिणींमध्ये स्तन किंवा अंडाशयाचा कर्करोग, गुठळ्या, हाडं मोडणं यांचा इतिहास सोबत न्या. सर्वांत जास्त छळणारे दोन त्रास पहिल्याच मिनिटात सांगा. कोरडेपणाचा विषय उठता उठता दारात काढला तर त्याला वेळ मिळत नाही. तीन प्रश्न लिहून घ्या: हे दुसऱ्या कुठल्या आजाराचं नाही ना, माझ्यासाठी हार्मोन्स का योग्य किंवा का अयोग्य, आणि फरक पडला नाही तर पुढे काय. कारण न सांगता 'हार्मोन्स वाईट असतात' एवढंच उत्तर मिळालं तर दुसरे डॉक्टर शोधा. उपचार सुरू केल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा. त्या काळात थोडं रक्त जाऊ शकतं. सहा महिन्यांनंतरही जात राहिलं किंवा नव्याने सुरू झालं तर तपासणी हवी. सगळं बसलं की वर्षातून एकदा रक्तदाब आणि स्तनांची तपासणी, ठरलेल्या वेळी मॅमोग्राफी आणि गर्भाशयमुखाची चाचणी, आणि डोस तसाच ठेवायचा की कमी करायचा यावर बोलणं.